अकराव्या बॅचची नोंद

प्रिय ताई,

पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर बघून पत्र कुणाचं हे तुला कळलं असेलच, आणि जाडी बघून वाटलं असेल, आता हिला काय हवंय. काही नकोय. गेल्या सात महिन्यांत मी तुला तीन पत्रं लिहायला घेतली होती. पहिलं बेकरीत होते तेव्हा, पिठाच्या पोत्याला टेकून. त्यावर पाणी सांडलं. दुसरं अर्धं झालं आणि मी बेकरीच सोडली. तिसरं लिहिताना समोरच्या घरात दोन माणसं एक भलंमोठं कपाट जिन्यावरून वर नेत होती, ते वळणावर अडकलं, म्हणून मी बघायला गेले आणि शेवटी खालून धरायलाही मीच होते. हे चौथं. हे पुरं होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलंय. खोलीतल्या मुलीला सांगून ठेवलंय की मी उठले तर मला खांदा धरून परत बसव. ती समोरच्या पलंगावर मोज्याला टाके घालतेय आणि मधेच भुवई वर करून बघते, परीक्षेला बाई बघायच्या तशी.

रविवारी आईचा फोन आला होता. आधी गुडघ्याचं झालं, मग वरच्या मजल्यावरच्यांच्या गळक्या टाकीचं झालं, आणि मग डाळीत मीठ टाकावं तितक्या सहज ती म्हणाली, "ताई चौदा तारखेला त्या समितीपुढे जातेय. तुमची ती अकरा नंबरची भानगड आहे ना, ती मागे घेणार म्हणे. माझंच मोजताना चुकलं असं लिहून देणार. म्हणजे नापास का गं?" मी म्हटलं, नापास नाही, पण प्रबंधातलं मुख्य प्रकरणच जाईल. "मग ते गेल्यावर उरतं काय?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आई म्हणाली, "तू होतीस ना तेव्हा तिच्याबरोबर? तुला काही आठवतंय का बघ." आईला असं नेमकं विचारायचं कोण शिकवतं देव जाणे. मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन धुतलेले कपडे पुन्हा एकदा पिळले.

आता मी फरशीच्या कारखान्यात आहे. हे तुला माहीत नसेल, कारण आईला मी अजून "पॅकिंगचं काम" एवढंच सांगितलंय. भट्टी म्हणजे एक लांबलचक बोगदा आहे, मी पावलं मोजली, एकशे बारा भरली. एका तोंडातून कच्च्या फरश्या रुळांवरून आत सरकतात आणि दुसऱ्या तोंडातून भाजून बाहेर येतात, अजून हात लावता येणार नाही अशा. मी दुसऱ्या तोंडाशी असते. गार झालेली फरशी उचलायची, एका बोटावर तोलून लाकडी दांडीने टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजली तर उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. हे मला भट्टीवर असलेल्या काकांनी शिकवलं. काका एकतीस वर्षं याच भट्टीवर आहेत आणि त्यांच्या डाव्या भुवईला केस नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, शिक्षण किती. मी म्हटलं, कॉलेजचं दुसरं वर्ष, तेही तीनदा. ते म्हणाले, "मग अनुभव दांडगा आहे."

इथल्या मुली विचारतात, तुझी बहीण काय करते. मी सांगितलं, भट्टीत चकत्या भाजते. "म्हणजे तीपण फरशीवालीच," असं म्हणून त्यांनी तुला आपल्यात घेतलंय. मी म्हटलं, तशीच, फक्त तिची फरशी नखाएवढी असते आणि तिच्यावरून कुणी चालत नाही. मग एकीचा मोबाइल हातात घेऊन त्यांना सांगितलं की याच्या पोटात असे शेकडो तुकडे असतात, तांदळाच्या कणीहून लहान. ते वीज पलीकडे जाऊ देत नाहीत, अडवून धरतात, जवळ साठवतात आणि लागेल तेव्हा सोडतात. तू मला सांगितलं होतंस तसंच सांगितलं: धातूचे दोन पत्रे, त्यांच्या मधे वीज न वाहणारी वस्तू, आणि ती वस्तू जितकी गुणाची तितकी कमी जागेत जास्त वीज मावते. बेरियम टायटनेट हे त्या वस्तूचं नाव मी न अडखळता घेतलं आणि सगळ्या गप्प झाल्या. मला इतकं बरं वाटलं की पुढचं काय सांगायचं तेच विसरले.

तुझ्या त्या प्रयोगशाळेचा मला अजून वास येतो. स्पिरिट, गरम धूळ आणि तुझ्या शेजारच्या टेबलावर प्रबंधाचं काम करणाऱ्या त्या उंच मुलाच्या डब्यातला लसूण. मी तुझ्याकडे आले तेव्हा माझं पाचवं काम सुटलं होतं आणि तुला मदतीला कुणी मिळत नव्हतं. सर साफ नाही म्हणाले होते. "घरचं माणूस प्रयोगशाळेत नको, आणि तुझ्या बहिणीचं जे तू सांगतेस त्यावरून तर नकोच." तू त्यांना काय काय सांगितलं होतंस ते मला कधी कळलं नाही, पण खरंच सांगितलं असणार. तरी तू त्यांच्यापुढे शब्द टाकलास: ती दळेल, चाळेल, दाबेल, धुवेल, पण मी समोर असल्याशिवाय भट्टीला हात लावणार नाही. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. माझ्यासाठी कुणी कुठे शब्द टाकल्याची ती पहिली वेळ, आणि मला कौतुक वाटायचं सोडून हसू आलं, कारण तू "हात लावणार नाही" असं म्हणालीस ते मी चार वर्षांची असताना इस्त्रीबद्दल म्हणायचीस त्याच आवाजात.

पण ते काम मला आवडलं, ताई. हे मी तेव्हा बोलले नाही. पांढरी पूड पांढऱ्या गोट्यांबरोबर बरणीत घालून तासन्तास फिरवत ठेवायची. मग ती सुकवायची, थोडा डिंकासारखा चिकट द्रव घालून खलात घोटायची, चाळायची, साच्यात चिमूटभर भरून प्रेसखाली दाबायची. तू पेलेट म्हणायचीस, मी चकती. दाब सोडताना घाई केली की चकतीची वरची टोपी निघून यायची. पहिल्या आठवड्यात मी इतक्या टोप्या उडवल्या की उंच मुलाने माझ्या टेबलावर "टोपीवाली" अशी चिठ्ठी लावली. महिन्याभरात मी दहातल्या नऊ धड काढू लागले. तू मोजायचीस आणि मान हलवायचीस. मला तुझं ते मान हलवणं पुरायचं.

भाजल्यावर काय बिघडतं तेही मला तिथेच कळलं. कमी भाजलं तर आतले दाणे बारीक राहतात, पण त्यांच्या मधे पोकळ्या राहतात, आणि पोकळीतल्या हवेतून वीज फोडून जाते. जास्त भाजलं तर पोकळ्या बुजतात, पण मोठे दाणे शेजारच्या लहान दाण्यांना गिळून लठ्ठ होतात, आणि मग चकती गरम-गार झाली की तिच्यात वीज किती मावते तो आकडा उड्या मारतो. तुला दाणे बारीकही हवे होते आणि पोकळ्याही नको होत्या. मी एकदा म्हटलं, म्हणजे तुला पोट भरलेलंही हवंय आणि भूकही लागलेली हवीय. तू मीटरवरून नजर न काढता म्हणालीस, "हो. आणि बहीण बिनपगारीही हवीय आणि वेळेवर आलेलीही." उंच मुलगा इतका हसला की त्याची चिमट्यातली चकती जमिनीवर पडली आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत ती शोधत होतो.

दहा बॅच झाल्या. एकीत पोकळ्या, दुसरीत लठ्ठ दाणे, तेच तेच. अकरावी बॅच भाजायच्या आठवड्यात तुला दुसऱ्या गावच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर दोन दिवस मिळाले. तीन महिन्यांपूर्वी नाव नोंदवलं होतंस, ते सोडता येत नव्हतं. आणि भाजणं पुढे ढकललं असतं तर सरांना दाखवायची तारीख हुकली असती. बुधवारी संध्याकाळी तू मला भट्टीसमोर उभं केलंस आणि कागदावर लिहून दिलंस: दोन नंबरचा प्रोग्रॅम, मिनिटाला पाच अंशांनी साडेबाराशेपर्यंत, तिथे दोन तास, मग आपोआप गार. "बटण दाबायचं आणि बाजूला बसायचं. एवढंच. करशील ना?" मी म्हटलं, इस्त्रीपेक्षा सोपं आहे. तू गेलीस. शनिवारी परत आलीस, आत पोकळ्या किती ते कळायला त्या चकत्या पाण्यात बुडवून वजन केलंस, आणि तुझा चेहरा कसा झाला ते मला दिसलं.

त्या दिवसांबद्दल मी नंतर फार विचार केला. तू वजन तीनदा केलंस. मग चकती घासून, आरशासारखी करून पुढच्या फेरीत सूक्ष्मदर्शकाखाली नेलीस, आणि तो फोटो घेऊन आलीस. नीट लावलेल्या दगडी फरसबंदीसारखे दाणे, सगळे एका मापाचे, बारीक, आणि एकही काळा ठिपका नाही. चांदीचा लेप देऊन मीटरला लावलंस, गरम केलंस, गार केलंस, आकडा जागचा हलेना. तू मला मिठी मारलीस. आपल्या घरात मिठ्या मारत नाहीत, त्यामुळे दोघींनाही हात कुठे ठेवायचे ते कळेना. सरांनी तो फोटो भिंतीवर लावला. तू परगावच्या परिषदेत बोलून आलीस. आईने बॅच म्हणजे काय हे न समजता सगळ्या नात्यात फोन केले.

आणि मग बारावी बॅच. तोच कागद, तीच पूड, दोन नंबरचा प्रोग्रॅम, या वेळी तू स्वतः समोर बसलीस. लठ्ठ दाणे. तेरावीतही लठ्ठ दाणे. चौदाव्या वेळी तू पूड नवीन मागवलीस, पंधराव्या वेळी बरणी बदललीस. एका संध्याकाळी तू नोंदवही उघडून माझ्यापुढे ठेवलीस आणि अकराव्या बॅचच्या ओळीवर बोट ठेवून विचारलंस, "हे असंच झालं होतं ना?" मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, बरं. दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. नसतं सांगितलं. पंधरा दिवसांनी मी तुला सांगितलं की मला समुद्र बघायचाय, आणि गेले. तू माझ्या पिशवीत स्वेटर भरलास. समुद्र मी बघितला. दोन दिवसांत बघून झाला.

आता खरं काय झालं ते सांगते. खोलीतली मुलगी चहा करायला गेलीय, पण मी उठलेली नाही.

गुरुवारी सकाळी नऊला मी भट्टी सुरू केली. फक्त दोन नंबरच्या ऐवजी तीन नंबरचा प्रोग्रॅम लावला. का, तर बटण दाबत असताना खिडकीतून मला जुन्या गिरणीच्या धुराड्याला दोर बांधणारी माणसं दिसली आणि माझं लक्ष तिकडे होतं. तीन नंबर त्या उंच मुलाचा, तेराशे अंशांचा. तो त्या आठवड्यात सुट्टीवर होता, नाहीतर त्याने पाहिलं असतं. सव्वा एकला मी सहज आकड्याकडे पाहिलं तर तेराशेला पोचलेली. दूध उतू जायला लागलं की आपण भांडं आधी खाली उतरवतो, मग बघतो किती गेलं. तसंच केलं. प्रोग्रॅम थांबवला आणि हाताने आकडा खाली आणला, अकराशेवर. अकराशेच का, याला काही उत्तर नाही. बोट तिथे थांबलं. वीसएक मिनिटांत भट्टी अकराशेवर येऊन स्थिर झाली. मनात असं होतं की थोडं शांत होऊ दे, मग परत साडेबाराशेला नेऊ, दोन तास ठेवू, कुणाला काय कळतंय. तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. धुराडं पाडणार होते. मी दहा मिनिटांसाठी खाली गेले.

धुराडं अडीचला पडलं. ताई, ते पडताना आधी आवाज येत नाही. आधी ते फक्त वाकतं, एखाद्या उंच माणसाला दारातून आत यायचं असावं तसं, आणि मग सगळं एकदम. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो होता, त्यात डाव्या कोपऱ्यात पिवळ्या छत्रीशेजारी मी आहे, तोंड उघडं. त्यानंतर गिरणीच्या जुन्या विटा भरलेला एक ट्रक निघत होता. चालवणाऱ्याची बायको म्हणाली, नदीपलीकडे आम्ही घर बांधतोय, विटा उतरवायला दोन हात कमी आहेत, येतेस का. मी गेले. मला भट्टी आठवली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आठवली. ट्रकमध्ये चढताना आठवली. वाटलं, तेराशेला नेऊन ती बॅच मी नासवलीच आहे, आता अकराशेला नुसती ऊब घेत पडली असेल, आल्यावर बघू. विटा अंधार पडेपर्यंत उतरवल्या, तिथेच झोपले, आणि सकाळी दहाला परत आले. भट्टी अकराशेवरच होती. वीस तासांच्या वर. मी ती बंद केली, गार होऊ दिली, चकत्या काढल्या. दिसायला नेहमीसारख्याच होत्या, जरा पिवळसर. मला वाटलं, सुटले. आणि वहीत लिहिलं: साडेबाराशे, दोन तास. तुझ्या कागदावरून बघून, सुवाच्य अक्षरात. एरवी माझं अक्षर इतकं चांगलं येत नाही, तुला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मला वाटायचं की फार तर मी एक बॅच वाया घालवून वर खोटं लिहिलं, आणि नशिबाने ती वाया गेली नाही, म्हणजे फिटलं. उष्णता म्हणजे वरचा आकडा, एवढीच माझी समज. अकराशे हे साडेबाराशेपेक्षा कमी, म्हणजे त्या वीस तासांत आत काही घडतच नसणार. हे मनापासून वाटत होतं. तुला बारा, तेरा, चौदा जमेना तेव्हा मला वाटलं, पूड खराब असेल, हवा दमट असेल. मग वाटलं की माझ्यामुळेही असेल. मग मी विचार करणं थांबवलं, आणि त्याला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गाव बदलणं.

मागच्या महिन्यात इथे बोगद्यातले रूळ अडकले. भट्टीचा सगळ्यात गरम भाग ओलांडून थोड्या पुढे गेलेल्या फरश्या चार तास तिथेच बसून राहिल्या. रूळ सुटल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मी डावीकडे ढीग लावायच्या तयारीत होते, टिचकी मारली तर नेहमीपेक्षा बारीक, स्वच्छ आवाज. दुसरी, तिसरी, तशीच. काकांना हाक मारली. त्यांनी एक फोडून कड बघितली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नुसतं किती तापलं ते विचारू नये. किती वेळ कुठे बसलं तेही विचारावं. वर नेलं की आतलं सैल होतं. मग थोडं खाली आणून बसवून ठेवलं तर ते निवांत जागा धरतं, फुगत नाही." मी हातात दांडी घेऊन उभी राहिले. काका म्हणाले, "काय गं, फरशीने काय सांगितलं कानात?" मी त्यांना तुझी सगळी हकीकत सांगितली, माझ्यासकट. त्यांनी फोडलेल्या फरशीचे तुकडे उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तुला भट्टीवर नव्हे, धुराड्यावर कामाला ठेवायला हवं होतं." आणि जाताना, पाठ फिरवूनच, "बहिणीला कळवलंस?"

ती गोष्ट झाली त्याला पाच आठवडे झाले. पाच आठवडे मी कळवलं नाही. काकांचं म्हणणं तुझ्या चकतीला लागू पडतं की नाही हे मला माहीत नाही. फरशी वेगळी, टायटनेट वेगळं, मी शिकलेली नाही. कदाचित तुमच्या पुस्तकांत या रीतीला नावही असेल आणि तू कपाळावर हात मारशील. पण तू इतके महिने ज्या रस्त्याने मागे जायचा प्रयत्न करतेयस, त्या रस्त्याने अकरावी बॅच आलीच नव्हती, एवढं मला नक्की माहीत आहे. मोजताना तुझं काही चुकलं नव्हतं. फोटो खरा, आकडे खरे. खोटी आहे ती फक्त वहीतली एक ओळ, आणि ती माझी आहे.

कळवायला इतका उशीर का, तर निम्मं कारण नेहमीचंच, मी. उरलेलं निम्मं तुझ्यामुळे. त्या ओळीशेजारी "तपासले" या रकान्यात तुझी सही आहे. शनिवारी आल्या आल्या, पिशवी खांद्यावर असतानाच तू ती केलीस. चकत्या बघायच्याही आधी. मी तेव्हा शेजारी उभी होते आणि मला वाटलं होतं, बरं झालं. म्हणजे मी खरं बोलले की तुला सांगावं लागणार, की सरांना दिलेला शब्द तू मोडलास, मला एकटीला भट्टीवर सोडलंस, आणि न बघितलेल्या गोष्टीवर सही केलीस. माझं मोजताना चुकलं असं म्हणालीस तर प्रकरण जाईल, पण तू फक्त चुकलेली ठरशील. हे सांगितलंस तर प्रकरण कदाचित वाचेल, आणि तू निष्काळजी ठरशील. यातलं कुठलं बरं हे मला ठरवता येईना. मग कळलं की ते ठरवणं माझं कामच नाही. पण तुला त्यातलं एकच माहीत असताना तू चौदा तारखेला तिथे उभी राहावीस हेही बरं नाही.

आता तू विचारशील की फोन का नाही केला, एवढं कागदांवर कशाला. फोन मी रविवारी, आईचा ठेवल्या ठेवल्या करणार होते. पण फोनवर तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. "असू दे, झालं ते झालं, जेवलीस का?" आणि माझी सगळी चूक नेहमीसारखी तुझ्या खात्यात जाऊन पडली असती, समितीला माझं नावही कळलं नसतं. तूच मला पहिल्या दिवशी वही देताना सांगितलं होतंस की इथे लिहिलेलं खोडायचं नसतं, एक रेघ मारायची, मागचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं लिहायचं आणि ज्याने चूक केली त्यानेच सही करायची. ती वही तुझ्याकडे आहे आणि मी इथे आहे. म्हणून सोबत एक वेगळा कागद जोडलाय. त्यावर गुरुवार-शुक्रवारची तारीख आहे, किती वाजता किती अंश ते आहे, तू गावात नव्हतीस हे आहे, मी कुठे होते तेही आहे, आणि खाली माझं पूर्ण नाव आणि सही, काकांनी साक्षीदार म्हणून केलेली सहीसुद्धा. त्यांना मी म्हटलं, तुम्ही कुठे तिथे होतात. ते म्हणाले, "तू हे शुद्धीवर असताना लिहिलंस, एवढ्याला साक्ष." तो कागद पुढे ठेवायचा की फाडायचा हे तू ठरव. मी मात्र तेरा तारखेला संध्याकाळच्या गाडीने येतेय, तिकीट काढलंय, आणि समितीने विचारलं तर उत्तर द्यायला दाराबाहेर बसेन. मधे कुठेही उतरणार नाही. खोलीतली मुलगी हे वाचून म्हणतेय की हे लिहायची गरज नव्हती, पण तुला माहीत आहे, गरज आहे.

तुझीच,
जागेवरून न उठलेली,
भिंगरी